दार

आपण मुख म्हणतो.
इथे, मलावीच्या सरोवराकाठी, चिचेवा बोलीत
त्याला दार म्हणतात. गर्भाशयाचं दार.
एनेलेसला दोन्ही शब्दांशी देणंघेणं नव्हतं,
तिला दुपारच्या आत मासळी पलटायची होती.

गुरुवार. दवाखान्याच्या ओट्यावर बायका,
हातात तब्येतीच्या वह्या,
वह्यांना सुक्या उसिपाचा वास.
कुणी म्हणालं, आत लोखंड घालतात.
कुणी म्हणालं, आतलं काढून विकतात.
तेव्हा एक म्हातारी बोलली,
माझं न्या म्हणावं, आधी भाव सांगा,
आणि अख्खा ओटा हसला,
पाठुंगळीची पोरं दचकून जागी झाली.

एनेलेस हसली नाही.
ती फेनेसच्या चटईचा विचार करत होती.
थोरली बहीण. पाळी गेल्यावर दोन वर्षांनी
पुन्हा डाग दिसले तेव्हा लाजून म्हणाली होती,
बघ, मी परत तरुण झाले.
पावसाळ्यापर्यंत तिची चटई
रोज सरोवरात धुवावी लागे
आणि वास जात नसे.
मासळीवाल्यांच्या घरात, जिथं कुणाला
कशाचाच वास येत नाही, तिथं तो येई.
शहरातल्या डॉक्टरनं एवढंच विचारलं,
आधी कधी तपासून घेतलं होतं?
फेनेसला वाटलं
तो मागच्या कुणाशी तरी बोलतोय.
तिनं वळून पाहिलं.

आत खाट, पडदा, खिडकीला वर्तमानपत्र.
नर्स तामांडानीनं चिमटा कोमट पाण्यात बुडवला,
म्हणाली, गार नको लागायला.
तेवढ्यावर एनेलेसचे गुडघे सैल झाले.
पाच बाळंतपणं झाली होती,
गार लागतंय का, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग बोळ्यावर व्हिनेगर.
"व्हिनेगर?"
"हो, बटाट्यांवर शिंपडतात तेच. थोडं पातळ."
आणि एक मिनिट थांबायचं.
भिंतीवरचं घड्याळ बंद, म्हणून तामांडानी
स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली
आणि एनेलेस छताच्या पत्र्याकडे.
एका मिनिटात मासळीची अर्धी ओळ पलटून होते.
एका मिनिटात फेनेस
नाही.
पत्र्याला सात भोकं होती. तिनं पुन्हा मोजली.

"बघायचंय?"
फोनवर फोटो. गुलाबी, ओलं, वाटोळं,
मधे बारीक फट
आणि वरच्या अंगाला पांढरा ठिपका,
पातेल्याच्या काठाला चिकटलेल्या न्सिमाएवढा.
पाच लेकरं ज्यातून आली
ते दार तिनं त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.
आपण मुखदर्शन म्हटलं असतं, हात जोडले असते.
ती म्हणाली, एवढंसं?
मग हळूच, कीड आहे का?

"कीड नाही. पुढेमागे लागेल अशी जागा.
आत्ताच भाजून टाकते."
बॅटरीवरची दांडी, हातभरसुद्धा नाही.
ओटीपोटात एक कळ,
पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी, ओळखीची,
आणि झालं.
"नवऱ्याला सांग, दाराला नवा रंग दिलाय,
दीड महिना हात लावायचा नाही."

चितेंगे नेसताना एनेलेसनं विचारलं,
माझ्या बहिणीचंही असंच झालं असतं?
तामांडानी चिमटे धूत होती.
बराच वेळ पाणीच वाजलं.
"वेळेत आली असती तर. हो."

वहीत पुढच्या वर्षाची तारीख पडली,
वही पदरासारखी कमरेला खोचली गेली.
ओट्यावर ती म्हातारी अजून होतीच.
काय गं, काय भाव मिळाला?
एनेलेसनं उन्हात डोळे बारीक केले.
दीड महिन्याची सुट्टी, म्हणाली.
बायका अशा हसल्या की पडद्यामागून
तामांडानीला दोनदा हाक मारावी लागली
तेव्हा कुठे पुढची उठली.

किनाऱ्यावर मासळी
एका अंगानं जरा जास्तच वाळली होती.
ती पलटू लागली.